अंबक्काच्या डबीतली माती

दिवाळी अंकात माझ्या लेखाच्या आजूबाजूला फराळाच्या पाककृती असणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, हातात चकली असेल तर ती संपवा आणि मगच पुढे वाचा. मी जन्मभर जंतांच्या मागे धावले. पोटातल्या जंतांच्या. दुसरं मला काही येत नाही, तेव्हा दुसऱ्या कशावर लिहिणारही नाही. "काहीतरी हलकंफुलकं द्या," असा संपादकबाईंचा निरोप होता. बाई, आमचं काम हलकंफुलकंच असतं. ज्याला हसू येत नाही तो आमच्यात टिकत नाही, पहिल्याच पावसाळ्यात बदली मागतो.

मी सुमन शिंदे, म्हैसूरची. आमचे पूर्वज इथल्या महाराजांच्या घोडदळात होते असं वडील सांगायचे. आता घोडा सोडा, घरात सायकलही नाही, पण मराठी शिल्लक आहे. ती कशी आहे ते विचारू नका. आमचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि संपेपर्यंत त्याचं कन्नड झालेलं असतं. पुण्याची भाची म्हणते, "आत्या, तू बोलतेस ते गोड वाटतं गं, पण अर्धं कळतच नाही." इथं जमेल तेवढं नीट लिहिते. कुठं घसरले तर सांभाळून घ्या.

सरकारी आरोग्य केंद्रात मी आरोग्य सहायिका होते. लशी, बाळंतिणी, तापाचे रुग्ण, सगळंच करावं लागायचं, पण माझा जीव रमला तो जंतांत. कन्नडात जंताला हुळा म्हणतात. मेटगळ्ळीच्या कारखान्यांमागच्या गल्लीत माझी स्कूटी वळली की पोरं ओरडायची, "हुळा मेडम बंद्रू!" म्हणजे जंतांच्या मेडम आल्या. पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, असू दे. कलेक्टर आले तरी ही पोरं ढुंकून बघत नाहीत.

या कामातलं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जंत गोड खाऊन होत नाहीत. आमच्या म्हैसुरात आजही आया पोराच्या हातातला गुळाचा खडा काढून घेतात आणि "हुळा होतील" म्हणतात. गुळाचा यात काडीचाही दोष नाही. मोठा गोल जंत, आपण ज्याला पटकन गांडुळासारखा म्हणतो तो, पोटात बसून अंडी घालतो. ती शौचावाटे बाहेर पडतात. पण बाहेर पडल्या पडल्या त्यांच्यात दम नसतो. मातीत काही आठवडे मुरली की ती पिकतात, आणि मग हाताला, भाजीला, पाण्याला चिकटून दुसऱ्याच्या तोंडात जातात. थोडक्यात, एका पोटातून दुसऱ्या पोटात जायला जंताला मधे मातीत मुक्काम करावा लागतो.

त्यावर गोळी आहे. चावून खायची, शाळेत वर्षातून दोनदा देतात, पोटातले जंत साफ. पण नुसत्या गोळ्या देणं म्हणजे नळ उघडा ठेवून घरातलं पाणी उपसणं. उपसत बसा जन्मभर! नळ बंद करायचा तर चांगलं पाणी, धड संडास आणि धुतलेले हात, या तिन्ही गोष्टी लागतात. मी तीस वर्षं हेच सांगत फिरले. लोकांना गोळी आवडायची, उपदेश आवडायचा नाही. मलाही कुणी उपदेश केलेला आवडत नाही, त्यामुळे त्यांना दोष देत नाही.

आता लोकांचं शौच तपासायचं तर नमुना हवा. नमुन्यासाठी आम्ही झाकणाची छोटी डबी द्यायचो. पण ती डबी लोकांना फार गोजिरवाणी वाटायची. कुणी त्यात हळदकुंकू ठेवायचं, कुणी शिवणाचं सामान. नमुना यायचा भलत्याच कशात. दसऱ्याच्या आधी एका गृहस्थांनी मिठाईच्या दुकानाच्या झकास खोक्यात, वर रबर लावून, तो माझ्या टेबलावर ठेवला आणि मी नाही असं बघून निघून गेले. आमच्या क्लार्कना वाटलं, म्हैसूरपाक आला. त्यांनी सगळ्यांना हाक मारून खोकं उघडलं. त्या दसऱ्याला आमच्या केंद्रात कुणी मिठाई खाल्ली नाही.

मेटगळ्ळीकडच्या एका शाळेत तर गोळ्या देऊन देऊन मी थकले. गोळी दिली की पोरं टवटवीत, सहा महिन्यांनी पुन्हा पोटं फुगलेली आणि डोळे पांढरे. का? संडास नाही म्हणावं तर होता. आणि काय सुंदर होता! पांढऱ्या फरशा, दारात कुंड्या, भिंतीवर हात धुणाऱ्या मुलीचं चित्र. आणि दाराला कुलूप. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मेडम, मुलं वापरली तर घाण होईल की!" संडास इतका स्वच्छ राहायला हवा होता की त्यात कुणी जाऊच नये. पोरं जायची कुंपणाच्या मागे, जिथं मधल्या सुट्टीत ती गोट्या खेळायची.

मी वाद घातला नाही. वाद घालून कुलूप उघडत नाही, असा माझा अनुभव. मी दर भेटीत त्यांच्यासमोर उभी राहायची आणि पोट धरून म्हणायची, "बाई, किल्ली द्या, अगदी आत्ता द्या." बाईमाणसाला नाही कसं म्हणणार? पुढे मी माझ्याबरोबरच्या नर्सबाईंनाही तेच शिकवलं. मग लस द्यायला येणाऱ्या सगळ्याच जणी किल्ली मागू लागल्या. शेवटी कंटाळून बाईंनी कुलूपच काढून टाकलं. कुलूप गेलं तसं पाणी आलं, पाण्यामागून साबण आला, आणि वर्षभरात मला त्या शाळेत फारसं काम उरलं नाही. बाई मात्र माझ्या पोटाची फार काळजी करायच्या. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी मला इसबगोल भेट दिला.

पण आज सांगायचंय ते गरीब वस्तीतलं नाही. सरस्वतीपुरमचं आहे.

सरस्वतीपुरम म्हणजे प्राध्यापक, पेन्शनर, व्हरांड्यात वर्तमानपत्र आणि घराघरात पाण्याचं फिल्टर. तिथं माझं काय काम? लहान मुलांच्या लशींपुरतं. तर एके दिवशी वसुधाकाकूंचा फोन आला. वसुधाकाकू म्हणजे आमच्या मराठी मंडळातल्या, निवृत्त प्राध्यापकांच्या पत्नी. आवाज इतका बारीक की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"सुमन, ये ना जरा. एकटीच ये. आणि ते आरोग्य खात्याचं ओळखपत्र गळ्यात घालून येऊ नकोस हां."

गेले. सर व्हरांड्यात पडलेल्या चेहऱ्याने बसले होते. काकूंनी मला न्हाणीघराकडे नेलं आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी दाखवलं. वीतभर लांब, गुलाबीसर. मला तो जुना ओळखीचा भेटल्यासारखा वाटला.

"सरांच्या पोटातून?" मी विचारलं.

"हळू बोल गं! शेजारी ऐकतील. आमच्याकडे आर.ओ. आहे, सुमन. आर.ओ.!"

"काकू, जंत काय फिल्टर बघून परत जातो का?"

त्यांना माझं बोलणं आवडलं नाही, पण मलाही काही सुचत नव्हतं. मी नळाचं पाणी तपासलं. तपासणीच्या औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी छान पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन पुरेसं होतं. पालेभाजी बघितली. काही ठिकाणी गटाराच्या पाण्यावर पालेभाज्या पिकवतात, म्हणून मला नेहमी आधी तिचाच संशय. पण काकू भाजी मिठाच्या पाण्यात घालून चारदा धुवायच्या. मी गोळ्या दिल्या, गप्प राहायचं वचन दिलं आणि घरी आले.

पंधरवडा गेला नसेल, त्याच रस्त्यावरच्या बँकेतल्या निवृत्त साहेबांच्या घरून तसाच फोन. तसाच बारीक आवाज. तिथंही फिल्टर, तिथंही धुतलेली भाजी, आणि भाजीवाला वेगळा. मी त्यांच्या व्हरांड्यात बसून डोकं खाजवत होते. मग आतून खमंग फोडणीचा वास आला. मोहरी, हिंग, कढीपत्ता. तो वास मी ओळखला. पंधरवड्यापूर्वी वसुधाकाकूंकडे हाच वास होता, हाच हात होता.

"स्वयंपाकाला कोण येतं, काकी?"

"दुसरं कोण? आपली अंबक्का!"

अंबक्का म्हणजे आमच्या म्हैसूरच्या मराठी मंडळींचं अन्नपूर्णेचं ठाणं. नाव अंबाबाई, इथल्या रिवाजाने अंबक्का. देशस्थ ब्राह्मण, सत्तरीला टेकलेली, काटक, नऊवारीचा काचा घट्ट मारलेला. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून हाताच्या चवीवर तिने मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं, आणि आता मुलगी-जावयाकडे हिनकलच्या पुढे नव्या वसाहतीत राहायची. रोज सकाळी सिटी बसने सरस्वतीपुरमला यायची आणि दोन-चार घरचा सोवळ्यातला स्वयंपाक करून परत जायची. रामनवमीला मंडळाचं पानक, म्हणजे गुळाचं सरबत, आणि कोसंबरी तिच्याच हातची. कोसंबरी म्हणजे भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरं, कोथिंबीर, लिंबू. सगळं कच्चं. आणि कच्च्यात जंताची अंडी मरत नाहीत.

तिला थेट विचारावं असं नव्हतं. अंबक्काला "हात धुता का?" असं विचारणं म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याला "आंघोळ केलीत का?" विचारण्यासारखं. तिच्या सोवळ्याचा दरारा सगळ्या सरस्वतीपुरमला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मी, आत ती. आम्ही मराठे, त्यात दवाखान्यातून आलेली, शिवाय चपला बाहेर काढल्या तरी पायाला रस्ता लागलेला. मी कधी उंबरा ओलांडला नाही, तिने कधी ओलांडू दिला नाही. मला त्याचा राग यायचा का? यायचा. तिच्या हातची आमटी जेवल्यावर जायचा.

तर मी उंबऱ्याबाहेर पाट घेऊन गप्पा मारत बसले. काय म्हणता, जावई कसा आहे, गुडघे दुखतात का. अंबक्का मागच्या दाराने परसात जाऊन आली आणि मोरीपाशी बसली. कनवटीची पितळी डबी काढली. झाकण उघडलं, आत काळीभोर, मऊ माती. चिमूटभर घेऊन तिने डावा हात घासला, मग उजवा, मग दोन्ही. पाणी ओतलं. पुन्हा माती, पुन्हा पाणी. तळवे, बोटांची पेरं, मनगटं. काय निगुतीने! आमच्या दवाखान्यात डॉक्टर इतक्या मन लावून हात धुत नाहीत.

"साबण नाही वापरत, अंबक्का?"

"अय्यो, साबण! त्यात कसली चरबी घालतात कुणास ठाऊक. सोवळ्यात चालतं का? आमच्याकडे मातीच. माझी सासू, तिची सासू, सगळ्यांनी मातीच वापरली."

"इथल्या परसातली?"

"छे गं! लोकांच्या परसात कोण कुठं थुंकलं असेल, कुत्रं बसलं असेल. माझी मी घरून आणते. केळीच्या बुंध्याची. तिथं कुणाचा पाय पडत नाही."

मी तिच्या नखांकडे बघत होते. काळी रेघ. खोबरं खवताना ती रेघ खोबऱ्यावरून जात होती.

दुसऱ्या दिवशी मी डासांच्या पाहणीचं निमित्त करून हिनकलला गेले. खोटं बोलायची आमच्या खात्यात परवानगी नाही, पण डास होतेच की. तिथं गटाराची लाइन अजून आलेली नव्हती, घरोघरी संडासाचे खड्डे. जावई रविवारचा घरीच होता, उत्साही माणूस. मला परस दाखवायला घेऊन गेला. केळ बघून मी तोंडात बोटं घातली. छपरापर्यंत उंच, पानं ताडपत्रीएवढी, घड असा की खाली टेकू लावलेला.

"काय खत घालता हो?"

"सुम्ने, असंच! काही विकत नाही आणत!" तो खुश होऊन म्हणाला. "खड्डा भरला होता. उपसायला गाडी आली, ती थोडा गाळ खाली सांडून गेली. म्हटलं वाया कशाला घालवा? वाळला तसा सगळा केळीला घातला. अत्तेंना, सासूबाईंना, नाही सांगितलं. त्या केळीचं पान नैवेद्याला घेतात, उगाच डोक्याला ताप."

मी तिथल्याच दगडावर बसले. हसू आलं आणि रडूही आलं. त्या बाईने आयुष्यभर स्वच्छतेसाठी जिवाचं रान केलं. लोकांच्या परसातली घाण नको म्हणून ती स्वतःच्या घरची माती कनवटीला बांधून बसने सरस्वतीपुरमला नेत होती. आणि जावयाने सगळी घाण नेमकी त्याच मातीत ओतली होती. जगात दुसऱ्या कुठल्या माणसाला ही चूक जमली नसती. ती करायला अंबक्काइतकंच सोवळं असावं लागतं.

चिमूटभर माती मी आमच्या प्रयोगशाळेत दिली. मिठाच्या दाट पाण्यात माती ढवळली की अंडी वर तरंगतात. टेक्निशियनने काच बघितली आणि मला खूण केली. अंडीच अंडी.

आता काय करायचं? आमच्या कामात एक पाळायची गोष्ट असते. जंत सापडला की गावभर ओरडायचं, माणूस सापडला की तोंड बंद. अंबक्काचं नाव फुटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला एकाही घराचं दार उघडलं नसतं. आणि तिला पैशापेक्षा मोठी गोष्ट गेली असती, तिच्या हातचं खाताना लोक ज्या विश्वासाने डोळे मिटतात तो. उलट गप्प बसावं तर रामनवमी तोंडावर आलेली, मंडळातली पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळ्यांच्या द्रोणात तीच कोसंबरी. मला दोन्ही नको होतं.

मी अंबक्कालाच दवाखान्यात घेऊन आले. "तुम्हाला एक गंमत दाखवते," म्हणाले. ती रिक्षातून उतरताना पदर सावरून कुणाला शिवणार नाही अशी चालत होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला तिने आधी नकार दिला, मग लावला.

"काय दिसतंय?"

"गोल गोल आहे काहीतरी. वरून खडबडीत. रव्याच्या लाडवासारखं."

"ती जंताची अंडी आहेत, अंबक्का."

"शी! कुणाच्या पोटातली?"

मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. केळ, खड्डा, गाळ, डबी, सर, बँकेतले साहेब. सगळं, न गाळता. तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. मग कनवटीची डबी काढून टेबलावर ठेवली, आणि स्वतःचेच हात आपल्या अंगापासून लांब धरले. मला ते बघवलं नाही. इतक्या वर्षांत कितीतरी माणसांना वाईट बातम्या दिल्या असतील, पण त्या दिवसाइतकं जड कधी गेलं नाही.

"देवाच्या नैवेद्यात घातलं मी हे," ती म्हणाली. "सुमन, साकु. पुरे. आता मी चुलीपाशी जाणार नाही."

"आणि काय करणार?"

"जप करेन."

"जप करा की. पण आधी गोळी चावा. तुमच्याही पोटात असणार."

"गोळीत अंडं नाही ना?"

"नाही. अंडी सगळी तुमच्या मातीत होती."

माझी जीभ ही अशी. पण ती माझ्याकडे बघून हसली, डोळ्यात पाणी असताना हसली, आणि गोळी चावली. मुलगी, जावई, सगळ्यांना चावायला लावली. केळीवरून जावयाने सासूचं काय काय ऐकून घेतलं ते इथं छापता यायचं नाही.

साबणाचं भांडण मात्र आठवडाभर चाललं. मी तिला शुद्ध खोबरेलाचा साबण आणून दिला, बायकांच्या बचत गटातल्या एकीने घरी केलेला. कसा करतात ते तिला त्या बाईकडे नेऊन डोळ्यांनी दाखवलं. खोबरेल तेल, क्षार, पाणी, बस्स. तरी अंबक्काचं मन घेईना. मग एका सकाळी तिच्या घरी गेले तर देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, चांदीच्या वाटीत साबणाची वडी. तिच्यावर तुळशीचं पान, हळद, कुंकू.

"त्याला सोवळं करून घेतलं," ती म्हणाली. "हसू नकोस. आता चालेल."

मी कशाला हसते? आमच्या खात्याने भिंती रंगवून, पत्रकं वाटून जे जमवलं नव्हतं, ते तिने कुंकवाच्या बोटाने केलं. नखं कापली, सगळी. पुन्हा तपासणी केली तेव्हा तिच्या पोटात काही सापडलं नाही. गाळाची माती आम्ही खोल पुरून टाकली आणि तिची कामाची घरं सोडून बाकी सगळं जुळून आलं. घरांत ती अजून जात नव्हती. गुडघ्याचं निमित्त सांगत होती. तिला पुन्हा चुलीपाशी उभं करायचं कसं, हे मला उमगत नव्हतं. मी कितीही सांगितलं, तरी तिच्या हातांवरचा तिचा स्वतःचाच विश्वास उडाला होता.

रामनवमीच्या आदल्या दिवशी मंडळाच्या चिटणीसांनी तिला फोन केला. नेहमीप्रमाणे, जणू काही प्रश्नच नाही. ती म्हणाली, "येते." मला ऐकून आश्चर्य वाटलं.

सकाळी मी मंडळाच्या सभागृहात पोचले. आवारात ऊन तापायला लागलेलं, आत गुळाच्या पानकात वेलदोडा पडलेला. मोठ्या पातेल्यांत मुगाची डाळ भिजून टपोरी झालेली. वसुधाकाकू, बँकेतल्या काकी, आणखी दहाबारा बायका, चिटणीस, सर, असे सगळे स्वयंपाकघराच्या दारात जमले होते. अंबक्का ओल्या सोवळ्यात आत उभी. पण डाळीला तिने हात लावला नव्हता.

"सगळे आहात तोवर सांगते," ती म्हणाली. "मागं काही घरांत पोटाचा आजार झाला. बोललं नाही कुणी, पण झाला. तो माझ्या हातून झाला. मी हात धुवायची ती माती खराब होती. मला माहीत नव्हतं. सुमनला माहीत होतं, तिने कुणाला सांगितलं नाही. पण पंक्तीला बसणाऱ्याला कळलं पाहिजे, कुणाच्या हातचं खातोय ते."

मी कपाळावर हात मारला. इतके दिवस जे जिवापाड झाकलं, ते या बाईने रामाच्या दिवशी, सगळ्यांच्या पुढ्यात उघडं केलं. बँकेतल्या काकींनी पदर तोंडाला लावला. चिटणीस घसा खाकरून म्हणाले, "मग... यंदा कोसंबरी नको. पानक पुरे. सोबत केळी वाटू."

केळी! मला ओरडावंसं वाटलं. अंबक्काने मान खाली घातली आणि सोवळ्याचं टोक आवळून ती मागच्या दाराकडे वळली. मी बोलणार, तेवढ्यात सरच पुढे आले. सर फारसं बोलत नाहीत, त्या कागदातल्या प्रकरणापासून तर आणखीच नाही.

"आजार मला झाला होता," ते मोठ्याने म्हणाले. वसुधाकाकूंनी डोळेच मिटून घेतले. "जंत. चांगला वीतभर होता. लाजून गप्प बसलो. मी प्राध्यापक असून लाजलो, आणि ही बाई नाही लाजली. सुमन, तू सांग. आज हिच्या हातची कोसंबरी खाल्ली तर काही होईल का?"

"काही होणार नाही," मी म्हणाले. "तिची तपासणी मी स्वतः केली आहे. तिचे हात तुमच्या सगळ्यांच्या हातांपेक्षा स्वच्छ आहेत. तुमच्यातल्या कितीजणांनी आत्ता धुतलेत ते मला विचारायला लावू नका."

वसुधाकाकू तडक नळाकडे निघाल्या. त्यांच्यामागून बँकेतल्या काकी. मग नळावर एकच गर्दी उडाली, चिटणीससुद्धा बाह्या वर करून उभे. साबण एकच होता, अंबक्काने घरून आणलेला, चांदीच्या वाटीतला, हळदकुंकू लावलेला. तो हातोहात फिरला आणि त्याचं कुंकू पार धुऊन गेलं.

मीही धुतले आणि सवयीप्रमाणे उंबऱ्यापाशी येऊन थांबले. आत अंबक्का काकड्यांच्या ढिगाकडे बघत होती. एकटीने होण्यासारखं काम नव्हतं, वेळही फार गेला होता.

"बघत काय उभी राहिलीस?" ती मला म्हणाली. "आत ये. काकडी कोचव."

मला वाटलं तिच्या लक्षात नाही. "अंबक्का, तुम्ही सोवळ्यात आहात. मी..."

"मग?" तिने विळी माझ्याकडे सरकवली. "हात धुतलेस ना?"